सायलेन्सरचं काम झाल्यावर फ्यूज उडतो, चेक इंजिन लागतं: दोष नेमका कुठे शोधायचा

सायलेन्सर, कॅट-कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा, पुढे नुसतं ‘कॅट’) किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेला एक्झॉस्टचा पहिला भाग) बदलून गाडी गॅरेजबाहेर पडते. एक-दोन दिवस नीट चालते. मग चेक इंजिनचा दिवा लागतो, किंवा फ्यूज उडून गाडी भर रस्त्यात बंद पडते. नवा फ्यूज टाकला की सुरू, पुढच्या एखाद्या गतिरोधकावर पुन्हा बंद. इथून पुढे पैसा बहुधा चुकीच्या दिशेनं जायला लागतो. आधी नवा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा), मग रिले, मग कुणीतरी म्हणतं की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला.

ईसीएम सहसा गेलेला नसतो. पाइप बदलताना वायरिंगशी संबंध येतो अशा जागा मोजक्याच आहेत: ऑक्सिजन सेन्सरची वायर आणि तिचा कपलर, इंजिनाची अर्थिंगची पट्टी, सेल्फची जाड केबल, हीट शील्डच्या (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या) आड दडलेलं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, आणि गाडीवरच वेल्डिंग केलं असेल तर अल्टरनेटर. कामाआधी दोष नव्हता आणि नंतर आला, तर हात जिथे गेले तिथेच तो आहे असं धरून चालायचं. पुढचे आकडे १२ व्होल्टच्या, तीन-चार सिलिंडरच्या पेट्रोल गाड्यांचे आहेत. डिझेलचं थोडं वेगळं आहे, ते नंतर.

जॅक लावण्याआधी

पहिली नजर सेल्फच्या जाड केबलकडे. बऱ्याच छोट्या गाड्यांत सेल्फ आणि डाउनपाइप (मॅनिफोल्डमधून खाली उतरणारा पाइप) वीतभर अंतरात असतात. ही केबल थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून येते, चावी काढली तरी तिच्यात वीज असते, आणि पुष्कळ गाड्यांत तिच्यावर फ्यूज नसतो. ती पाइपाला टेकून आवरण वितळलं तर फ्यूज उडून गाडी वाचण्याची सोय नाही, थेट आगच. म्हणून बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प आधी काढायचा, टॉर्च घेऊन केबल सेल्फपर्यंत पूर्ण बघायची, आणि ती पाइपापासून मोकळी आहे याची खात्री झाल्यावरच क्लॅम्प परत लावून पुढची तपासणी करायची.

गाडी बंद केल्यावर तासभर थांबा. कॅट-कन्व्हर्टर बाहेरून गार वाटतो तेव्हाही आत तापलेला असतो. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. दार बंद करून गॅरेजमध्ये इंजिन चालवायचं नाही, कारण नव्या जोडातून गळती असेल तर विषारी धूर तुमच्याच नाकाशी येतो.

लागणारं सामान थोडंच आहे. डिजिटल मल्टीमीटर, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब (त्याच्या दोन वायरींना फ्यूजच्या खाचेत बसतील अशा चपट्या पिना लावून), योग्य अँपिअरचे चार-पाच फ्यूज, आणि लाइव्ह डेटा दाखवणारा साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीतले दोषाचे कोड वाचणारा).

फ्यूज कधी उडतो यावरून निम्मं कळतं

ऑक्सिजन सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सियसच्या वर गेल्याशिवाय नीट वाचत नाही. तो लवकर तापावा म्हणून त्याच्या आत हीटर असतो. या हीटरला मेन रिलेकडून, फ्यूजमधून, १२ व्होल्ट मिळतात आणि त्याची अर्थची बाजू ईसीएम चालू-बंद करतो. म्हणजे चावी ऑन होऊन मेन रिले ओढला गेला की सेन्सरच्या कपलरपर्यंत १२ व्होल्ट येऊन थांबलेले असतात, हीटर चालू असो वा नसो. हीच वायर तापलेल्या पाइपाला टेकते, आवरण वितळतं, तांबं पाइपाला लागतं आणि फ्यूज जातो.

काही गाड्यांत याच फ्यूजवर इंजेक्टर, पर्ज व्हॉल्व्ह, एअर-फ्लो सेन्सर, कधी इग्निशन कॉइलही असतात. तिथे फ्यूज गेला की इंजिन बंद. काहींत हीटरला वेगळा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. तिथे गाडी चालत राहते आणि फक्त दिवा लागतो. तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या किंवा मालकाच्या पुस्तिकेतल्या आकृतीवरून बघून घ्या.

आता वेळ बघा. चावी ऑन करताक्षणी फ्यूज गेला, तर पुरवठ्याची वायर कायमची बॉडीला लागलेली आहे. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत गेला, तर ईसीएमनं हीटर चालू केल्यावर प्रवाह वाढतोय, म्हणजे संशय सेन्सरच्या आतल्या शॉर्टवर किंवा चुकीच्या जोडणीवर. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर गेला, तर उष्णतेनं मऊ झालेलं आवरण. गतिरोधकावर, रिव्हर्स टाकताना किंवा पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गेला, तर इंजिन माउंटवर हलतं, त्याबरोबर डाउनपाइप हलतो आणि वायरीला टेकतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत जास्त छळतो, कारण गॅरेजमध्ये उभ्या गाडीत तो दिसतच नाही.

उडालेला फ्यूज फेकू नका. आतली पट्टी पूर्ण उडून प्लास्टिक काळं पडलं असेल तर थेट शॉर्ट. पट्टी मधोमध शांतपणे वितळली असेल तर ओव्हरलोड.

आणि मोठा फ्यूज टाकायचा नाही. ब्लेड फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. लाल फ्यूजच्या जागी हिरवा टाकला तर शॉर्ट तसाच राहतो, फक्त फ्यूजऐवजी वायर जळते. ती हार्नेसच्या आत जळते आणि शेजारच्या चांगल्या वायरींनाही घेऊन जाते. एका वायरीचं किरकोळ काम मग अख्खं हार्नेस उघडण्यापर्यंत जातं.

बल्बनं शॉर्ट पकडणं

फ्यूजमागून फ्यूज जाळण्यापेक्षा त्याच्या जागी बल्ब लावा. शॉर्ट असला तरी बल्ब प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडवून धरतो, त्यामुळे वायर सुरक्षित राहते आणि तुम्हाला शोधायला हवा तेवढा वेळ मिळतो.

१. फ्यूज काढा, खाचेत बल्बच्या पिना बसवा. चावी ऑन, इंजिन बंद.

२. बल्ब पूर्ण तेजानं पेटला तर शॉर्ट आत्ता हजर आहे. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर त्या क्षणी शॉर्ट नाही. मंद पेटणं स्वाभाविक आहे, त्या फ्यूजवरच्या इतर भागांचा तो प्रवाह असतो.

३. पूर्ण पेटलेला असताना कॅटच्या नंतरच्या सेन्सरचा कपलर काढा. मग आधीच्या सेन्सरचा. ज्याचा कपलर काढल्यावर बल्ब मंदावतो, दोष त्या सेन्सरच्या शेपटीत, म्हणजे कपलरपासून सेन्सरपर्यंतच्या वायरीत किंवा सेन्सरमध्ये आहे.

४. दोन्ही कपलर काढूनही बल्ब तसाच तेजस्वी राहिला तर दोष गाडीच्या हार्नेसमध्ये. आता हार्नेस हातानं वीत-वीत हलवत जा. मॅनिफोल्डच्या मागची आणि गिअरबॉक्सच्या वरची बाजू आधी. बल्ब जिथे लुकलुकतो ती जागा.

५. शॉर्ट कधी असतो कधी नसतो, तर बल्ब लावलेलाच ठेवून एकानं गार पाइपाला खालून धक्के द्यायचे, इंजिन पुढे-मागे ढकलायचं, आणि दुसऱ्यानं बल्बवर नजर ठेवायची. तरीही काही दिसलं नाही तर संशयित वायरीवर हॉट एअर गननं बेतानं उष्णता द्या आणि हा धक्क्यांचा प्रयोग पुन्हा करा.

रेट्रोफिट सीएनजी किट असलेल्या गाडीत एक जादा जागा बघायची. किट बसवणारे पुष्कळदा लॅम्डाच्या, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या, सिग्नल वायरीला आणि इग्निशनच्या पुरवठ्याला छेद देऊन टेप गुंडाळतात. एक्झॉस्टचं काम करताना हार्नेस ओढलं गेलं की तो जोड उघडा पडतो. तो सेन्सरपासून लांब, बॅटरीच्या बाजूला असू शकतो.

वायर पाइपापर्यंत पोचतेच कशी

कंपनीतून येताना ही वायर दोन-तीन क्लिपांनी किंवा पत्र्याच्या छोट्या ब्रॅकेटनं पाइपापासून दूर धरलेली असते. काम झाल्यावर कपलर जोडला जातो, पण क्लिप तुटलेली असते म्हणून राहून जाते. वायर लोंबते. बाकी सगळं बरोबर असूनही एवढ्यानं फ्यूज उडतो, आणि या सगळ्या कारणांत हेच सर्वांत जास्त सापडतं.

दुसरं कारण स्थानिक बनावटीचा पाइप. त्यावर सेन्सर बसवायची बॉस (आट्यांची वेल्ड केलेली गोल खाच) मूळ कोनापेक्षा थोडी फिरलेली असते. मग वायर एकतर ताणली जाते किंवा ड्राइव्ह शाफ्टच्या बाजूला झुकते. ताणलेली वायर आतून तुटते आणि बाहेरून आवरण शाबूत दिसतं. पाइप घेतानाच जुन्याच्या शेजारी ठेवून बॉसचा कोन आणि फ्लँजपासूनचं अंतर ताडून बघितलं तर हा त्रास टळतो.

तिसरं, हीट शील्ड. गंजून खडखडायला लागली म्हणून काढून टाकलेली शील्ड परत बसवली जात नाही. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत शील्डचे बोल्ट पाइपाच्या आधीच सडतात, तिथे हे नेहमीचं. शील्ड ही आवाजासाठी नसते. तिच्या आड वायरिंग, रबरी होज आणि कधी पेट्रोलची लाइन असते. बोल्ट तुटला तर मोठा वॉशर आणि नवा बोल्ट लावून ती बसवा.

चौथं, सेन्सर कसा फिरवला ते. कपलर जोडलेला ठेवून सेन्सर पाइपात फिरवला तर वायर पिळली जाते. कपलर आधी काढायचा, सेन्सर हातानं आट्यांत धरायचा, मग २२ मिमीच्या खाचेच्या सॉकेटनं ४० ते ५० न्यूटन-मीटरला आवळायचा. अँटी-सीझ फक्त आट्यांना लावा, टोकाला लागू देऊ नका. नव्या सेन्सरला ते बहुधा लावूनच येतं.

युनिव्हर्सल सेन्सरची जोडणी

सेन्सर बदलताना कपलरसहित मिळाला नाही म्हणून चार वायरी कापून जोडायचा युनिव्हर्सल सेन्सर लावला असेल, तर आधी जोडणी तपासा. रंगांचे दोन प्रकार सर्रास दिसतात. बॉश आणि एनटीके पद्धतीत दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नल, राखाडी सिग्नल-अर्थ. डेन्सो पद्धतीत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी सिग्नल-अर्थ.

घोटाळा उघड आहे. काळीला काळी, पांढरीला पांढरी असं जोडलं की हीटरचे १२ व्होल्ट सिग्नलच्या वायरीत जातात. फ्यूज गेला तर नशीब समजा. न गेल्यास सेन्सर जातो आणि ईसीएमच्या सिग्नल पिनेलाही धोका. कपलरच्या पलीकडे, गाडीच्या हार्नेसमध्ये रंग आणखी तिसरेच असतात, त्यांच्याशी जुळवायचं नाही. जुळवायचं ते जुन्या सेन्सरच्या वायरींशी, आणि त्यातही हीटरची जोडी मीटरनं ओळखून: ज्या दोन वायरींत काही ओहमचा रोध दिसतो ती हीटरची. गार सेन्सरमध्ये बाकी कोणत्याही जोडीत मीटर मोकळं सर्किट दाखवतं.

पाच किंवा सहा वायरींचा वाइडबँड सेन्सर असेल तर तोडजोड करूच नका. त्याच्या कपलरमध्ये त्या सेन्सरपुरता जुळवलेला रेझिस्टर असतो, तो सेन्सरबरोबरच यायला हवा. त्याच्या हीटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देऊन बघणं म्हणजे सेन्सर मारणं.

मीटरवर काय दिसायला हवं

कपलर काढून सेन्सरच्या बाजूला हीटरच्या दोन पिनांमध्ये रोध मोजा. गार असताना साध्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये तो साधारण ३ ते १५ ओहम असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा. एक ओहमच्या खाली म्हणजे आत शॉर्ट, मोकळं सर्किट म्हणजे हीटर तुटलेला. मग हीटरची प्रत्येक पिन आणि सेन्सरचं धातूचं अंग यांत मोजा. इथे पूर्ण मोकळं हवं. गार असताना मोकळं आणि इंजिन तापवून लगेच मोजल्यावर काही शे ओहम, असं आलं तर सेन्सर आतून फुटलाय, वायरीचा दोष नाही. पाइप बसवताना सेन्सर हातातून फरशीवर पडला असेल तर हे घडतं. आतलं सिरॅमिक बाहेरून दिसत नाही.

हार्नेसच्या बाजूला चावी ऑन ठेवून एका पिनेवर बॅटरीएवढे व्होल्ट मिळायला हवेत. ते नसतील तर फ्यूज किंवा वायर तुटलेली. ईसीएमकडे जाणाऱ्या पिनांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही, तिथे फक्त मल्टीमीटर.

फ्यूज शाबूत, पण दिवा लागतो

बीएस-४ आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ पेट्रोल गाड्यांत सहसा कॅटच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेन्सर असतात. स्कॅनरवरच्या कोडात आधीचा म्हणजे सेन्सर १, नंतरचा म्हणजे सेन्सर २.

पी०१३५ आणि पी००३१, पी००३२ हे सेन्सर १ च्या हीटरचे. पी०१४१ आणि पी००३७, पी००३८ हे सेन्सर २ च्या हीटरचे. यांतले ३१ आणि ३७ ‘लो’ आहेत, म्हणजे ईसीएमच्या पिनेवर व्होल्ट पोचत नाहीत: फ्यूज गेला, वायर तुटली, कपलर सैल आहे किंवा नियंत्रणाची वायर बॉडीला लागली. या शेवटच्या प्रकारात फ्यूज उडत नाही, कारण प्रवाह हीटरमधूनच जातो. हीटर फक्त सतत चालू राहतो. म्हणून ‘फ्यूज चांगला आहे, मग वायर चांगलीच असणार’ हा तर्क चुकतो. ३२ आणि ३८ ‘हाय’ आहेत, नियंत्रणाची वायर १२ व्होल्टला लागल्याची खूण, आणि इथे दोन वायरी एकत्र वितळून चिकटलेल्या सापडतात. दोन्ही सेन्सरचे हीटर कोड एकदम आले तर दोन सेन्सर एकाच दिवशी गेले असं मानू नका, दोघांचा सामाईक फ्यूज बघा.

सिग्नलचे कोड वेगळे. पी०१३१ म्हणजे व्होल्टेज कायम खाली, पी०१३२ कायम वर, पी०१३४ म्हणजे हालचालच नाही. हा शेवटचा कपलर नीट न बसल्यावर येतो. कपलरच्या लॉकचा ‘टक’ आवाज ऐकू आला पाहिजे.

मॅनिफोल्डमध्येच कॅट असलेल्या गाड्यांत दोन्ही कपलर जवळ-जवळ असतात आणि काहींत सारखेच असतात. त्यांची अदलाबदल झाली तर हीटर दोन्हीचे चालतात, त्यामुळे हीटरचा कोड येत नाही, पण इंजिन विचित्र चालतं. लाइव्ह डेटा बघा. तापलेल्या इंजिनावर सेन्सर १ (साधा, वाइडबँड नसलेला) ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वर-खाली व्हायला हवा आणि सेन्सर २ साधारण ०.६-०.७ वर स्थिर. उलट दिसलं तर कपलर उलटे आहेत.

अर्थिंग राहून गेलं असेल तर

सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक’, हेडलाइट लावल्यावर तापमानाचा काटा हलणं, एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार कोड एकदम, गिअर किंवा क्लचची केबल गरम लागणं. यांतलं काही असेल तर सेन्सर सोडा आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी शोधा. ती इंजिन किंवा गिअरबॉक्सवरून बॉडीला जाते आणि काही गाड्यांत तिचा बोल्ट हीट शील्डच्या किंवा एक्झॉस्ट ब्रॅकेटच्या बोल्टाबरोबरच असतो. काम करताना सुटते आणि लोंबत राहते, किंवा गंजावर तशीच आवळली जाते.

सेल्फचा शे-दीडशे अँपिअरचा प्रवाह परत बॅटरीकडे जायला वाट शोधतोच. पट्टी नसेल तर तो गिअरच्या केबलमधून, सेन्सरच्या अर्थमधून जातो. याची एक छुपी बाजूही आहे. पट्टी आधीपासूनच सडलेली असते, पण जुना वाकलेला पाइप कुठेतरी चॅसीला घासत असल्यानं त्यातून काम भागत असतं. नवा पाइप रबरी हँगरवर नीट टांगला गेला की ती वाट बंद होते आणि दोष नव्या पाइपाच्या माथी येतो.

तपासणी दोन मिनिटांची आहे. फ्यूल पंपाचा फ्यूज काढा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर, लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर, काळं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नाही, खुंटावर). सेल्फ मारताना ०.२ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम, ०.५ पर्यंत चालवून घेता येतं, एक व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. पडताळणीसाठी जंपर केबलनं बॅटरीचा निगेटिव्ह थेट इंजिन ब्लॉकला जोडा. लक्षणं गेली तर निदान पक्कं. पट्टीची दोन्ही टोकं आणि खालची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट आवळा, आणि वरून ग्रीस लावा. आतून नाही.

गाडीवरच वेल्डिंग केलं असेल तर

वेल्डिंगचा प्रवाह अर्थ क्लॅम्प जिथे लावला तिकडे जातो. पाइप मागे जोडला आणि क्लॅम्प पुढे बॉडीला लावला तर तो अर्थिंगच्या पट्ट्यांतून आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या अर्थमधून फिरतो. नियम असा की बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, दोन्ही सेन्सरचे कपलर काढायचे आणि क्लॅम्प त्याच पाइपावर, जोडापासून फूटभराच्या आत लावायचा.

हे पाळलं नसेल तर अल्टरनेटरचे डायोड तपासा. इंजिन आयडलवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन खुंटांवर मोजा. ०.५ व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड गेला. डीसीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट ही चार्जिंगची नेहमीची मर्यादा. स्मार्ट चार्जिंगच्या गाड्यांत ती खाली-वर होते. बॅटरी काढल्यामुळे पॉवर विंडोचं ऑटो बंद पडणं किंवा आयडल थोडा वेळ डगमगणं हा दोष नाही, ते पुन्हा शिकवलं की जातं.

विजेचा वाटतो, पण आहे गळतीचा

सेन्सर १ च्या आधी मॅनिफोल्डच्या गास्केटमधून गळती असेल तर एक्झॉस्टच्या ठोक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर ऑक्सिजन जास्त बघतो, ईसीएमला मिश्रण पातळ वाटतं, तो पेट्रोल वाढवतो. पी०१७१ (मिश्रण पातळ असल्याचा कोड) येतो, फ्यूल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोलात करतो ती टक्केवारीची दुरुस्ती, दोन आकडी धनात जाते, मायलेज घसरतं. सेन्सर, वायर, सगळं निर्दोष असतं आणि तरी सेन्सर बदलला जातो.

गार इंजिनावर व्हॅक्यूम क्लीनर फुंकण्याच्या बाजूनं टेल पाइपाला लावा, जोडांवर साबणाचं पाणी मारा. फेस आला तिथे गळती. गास्केट किंवा फ्लँजमधली गोल रिंग जुनी परत वापरलेली असते, तेच बहुधा कारण. साधा सिलिकॉन सीलंट फासून गळती बंद करू नका. त्याची वाफ सेन्सरला विषासारखी लागते. सेन्सर-सेफ असं लिहिलेलाच घ्या. पीयूसीतही ही गळती पकडली जाते, कारण बीएस-४ नंतरच्या पेट्रोल गाड्यांत हाय आयडलला लॅम्डा (इथे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, सेन्सर नव्हे) ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो.

मागच्या डब्याचं काम झालं असेल तर मागच्या चाकाच्या एबीएस सेन्सरची वायर, फ्यूल पंपाचं हार्नेस आणि बंपरमधल्या पार्किंग सेन्सरच्या वायरी टेल पाइपाजवळ आल्यात का, तेवढं बघा.

बीएस-६ डिझेल

इथे पाइपावर तापमानाचे सेन्सर, डीपीएफच्या (काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) दाबाच्या दोन नळ्या आणि काही गाड्यांत नॉक्स, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा, सेन्सर असतात. पी०५४४ किंवा पी२०३१ आला तर एक्झॉस्ट तापमान सेन्सरची वायर. तिची मांडणी वरच्यासारखीच तपासायची. दाबाच्या नळ्या उलट बसल्या तर डीपीएफचं वाचन उलट येतं, त्यामुळे काढण्याआधी खूण करा. नॉक्स सेन्सर आणि त्याचा छोटा डबा यांच्यामधली वायर कापायची किंवा वाढवायची नाही, ती जोडी एकत्रच बदलावी लागते.

वायर दुरुस्त करताना

सेन्सरच्या शेपटीत, सेन्सरजवळ जळालं असेल तर सेन्सर बदला. या वायरींच्या तारा बऱ्याचदा स्टीलच्या असतात, त्यांना सोल्डर नीट धरत नाही. शिवाय पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच घेतात. म्हणून कपलरमध्ये ग्रीस भरणं किंवा स्प्रे मारणंही इथे वर्ज्य.

गाडीच्या हार्नेसमध्ये जळालं असेल तर तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची, १५० अंश किंवा त्याहून जास्त तापमान सोसणारी वायर जोडा. क्रिंपचा जोड, त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. चारही जोड एका रेषेत घेऊ नका, एकमेकांपासून चार-पाच सेंटिमीटर सरकवून घ्या. वरून फायबरग्लासची स्लीव्ह. काळी पीव्हीसी टेप एक्झॉस्टजवळ कामाची नाही, ती उष्णतेत गोंद सोडून उलगडते. मूळ क्लिप मिळाली नाही तर प्लास्टिकचा टाय न वापरता स्टीलची पी-क्लिप लावा, आणि इंजिन पूर्ण हललं तरी वायर पाइपापासून किमान पाच सेंटिमीटर राहील असं बघा.

कोड पुसा. इंजिन पूर्ण गार असताना सुरू करा, कारण बऱ्याच गाड्यांत हीटरची तपासणी थंड सुरुवातीलाच होते. रेडिएटरचा फॅन एकदा फिरेपर्यंत आयडलवर ठेवा, मग पहिला-रिव्हर्स, पहिला-रिव्हर्स असे आठ-दहा झटके द्या आणि वीस-तीस किलोमीटर चालवा. त्यात थोडा खराब रस्ता हवाच. परत आल्यावर स्कॅनरवर पेंडिंग कोड आणि ऑक्सिजन सेन्सर हीटरचा मॉनिटर पूर्ण झाला का ते बघा. गाडी गार झाली की एकदा खाली वाकून स्लीव्हवर कुठे चमक किंवा तपकिरी डाग आलाय का ते तपासा. डाग असेल तर क्लिपची जागा आत्ताच बदला, फ्यूज उडण्याची वाट बघू नका.